न परतलेल्या विमानाचा कागद

तीन प्रतींत भरायचा, आणि विमान बेपत्ता झाल्याची अधिकृत नोंद झाल्यापासून ४८ तासांच्या आत भरायचा, अशी ताकीद त्या कागदाच्या माथ्यावरच छापलेली असे. खाली क्रमांक घातलेले रकाने. तुकडी कोणती, तळ कुठला. निघालं कुठून, जायचं कुठे होतं. हवा कशी होती, कुठवर दिसत होतं. शेवटचं दिसलं ती तारीख, वेळ, जागा. शत्रूच्या विमानाने पाडलं, विमानविरोधी तोफेने पाडलं, की आणखी काही घडलं. मग विमानाचा अनुक्रमांक, प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, बसवलेल्या प्रत्येक मशीनगनचा क्रमांक. लोखंडाची एवढी मोजदाद झाल्यावर दहाव्या रकान्यात माणसं येतात: जागा, नाव, हुद्दा, सैनिक क्रमांक.

बाराव्या रकान्यापाशी मात्र वाचणारा थबकतो. माणसं वाचली असावीत असं वाटत असेल तर कशावरून, असा तो प्रश्न आहे आणि उत्तरासाठी पर्याय दिले आहेत. पॅराशूट उघडलेली दिसली. अपघाताच्या जागेपासून माणसं चालत जाताना दिसली. अन्य कारण.

या कागदाचं नाव मिसिंग एअर क्रू रिपोर्ट. दुसऱ्या महायुद्धातले असे १६,६०५ अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पॅसिफिक, ब्रह्मदेश, उत्तर आफ्रिका सगळं त्यात आलं, पण फार मोठा हिस्सा युरोपच्या आकाशातला आहे. पोलिसांच्या पंचनाम्याशी त्याचं नातं जवळचं. फरक इतकाच की इथे प्रेत समोर नसतं, जागा शत्रूच्या मुलखात असते आणि पंच स्वतः गोळ्या चुकवत पंचवीस हजार फुटांवरून जात असतात.

युद्धात हरवलेल्या माणसाचा शोध घेणं हे सरकारचं काम आहे, ही समजूत फार जुनी नाही. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात सैनिकाच्या अंगावर ओळखीचं काही सरकारने दिलेलं नसे. १८६४ साली कोल्ड हार्बरच्या हल्ल्याआधी सैनिकांनी नाव आणि गाव कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून ती कोटाच्या पाठीला लावली, असं तिथे हजर असलेल्या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलं आहे. आपण मेलो तर निदान घरी कळावं, एवढीच त्यांची अपेक्षा. युद्ध संपलं तेव्हा लाखो घरांत माणूस परतला नव्हता आणि तो कुठे पडला हे सांगणारं कुणी नव्हतं.

ते काम अंगावर घेतलं क्लारा बार्टन या बाईंनी. राष्ट्राध्यक्ष लिंकनची संमती मिळवून १८६५मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या आपल्या बिऱ्हाडात हरवलेल्या सैनिकांचं कार्यालय थाटलं. आयांची, बायकांची पत्रं येत. बार्टन नावांच्या याद्या छापून गावोगाव पाठवत आणि विचारत, याला शेवटचं कुणी पाहिलं? १८६८पर्यंत ६३,०००हून अधिक पत्रांना उत्तरं गेली आणि सुमारे २२,००० माणसांचं काय झालं ते कळलं. त्यांच्या मदतीला डोरेन्स ॲटवॉटर नावाचा पोरसवदा सैनिक होता. अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत मृतांची वही लिहिण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याने तिची एक प्रत गुपचूप स्वतःसाठी केली आणि कोटाच्या अस्तरात लपवून बाहेर आणली. जवळजवळ १३,००० नावं. त्या यादीमुळे अँडरसनव्हिलच्या कबरींवर नावं लागली. अनाम राहिल्या त्या फक्त ४६०. शत्रूच्या ताब्यातली नोंद हाती आल्याशिवाय आपल्या माणसाचा शोध पुरा होत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढे ऐंशी वर्षांनी ते पुन्हा दिसणार होतं.

मधल्या काळातली पावलं भराभर सांगता येतील. १९०६मध्ये अमेरिकन सैन्याने गळ्यातला ओळखबिल्ला आणला. १९१६मध्ये दुसरा बिल्ला आला, कारण एक प्रेताबरोबर ठेवायचा तर दुसरा नोंदीसाठी हवा. १९१७मध्ये कबरींची नोंद ठेवणारी स्वतंत्र शाखा निघाली. ब्रिटिश रेडक्रॉसने बेपत्तांच्या चौकशीचा विभाग उघडला; गर्ट्रूड बेल यांनी बूलोन्यला त्याच्या याद्या लावल्या आणि कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर अलेक्झांड्रियाच्या इस्पितळांत खाटेखाटेपाशी जाऊन जखमींना विचारत असत, तुमच्या शेजारचा कुठे पडला? पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांनी तर आपसांत एक रीतच पाडली होती. पाडलेला शत्रू जिवंत आहे की त्याला मूठमाती दिली, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच्या तळावर विमानातून टाकायची. जर्मन वैमानिक रिश्तोफेन मेल्याची खबर ब्रिटिशांनी १९१८मध्ये जर्मनांना अशीच पोचवली.

दुसऱ्या महायुद्धात ही हातावरची माणुसकी पुरी पडणं शक्यच नव्हतं. १७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची १२ बी-१७ विमानं इंग्लंडहून फ्रान्समधल्या रुआँच्या रेल्वे यार्डावर गेली आणि सगळी परत आली. बरोबर एका वर्षाने, १७ ऑगस्ट १९४३ला, श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर ३७६ गेली, त्यातली ६० पडली. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट, पुन्हा ६०. एका विमानात दहा जण: वैमानिक, सहवैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्बर्डिअर, रेडिओ ऑपरेटर, वरच्या बुर्जातला इंजिनिअर, पोटाखालच्या गोलात अंग मुडपून बसलेला गनर, दोन बाजूंच्या खिडक्यांतले दोघे आणि शेपटीतला एक. म्हणजे एका दुपारी सहाशे खाटा रिकाम्या. त्यांचं सामान दुसऱ्या दिवशी गोळा होई, आणि घरी परत पाठवण्याजोगं ते मिझुरीतल्या कॅन्सस सिटीच्या आर्मी इफेक्ट्स ब्युरोकडे जाई.

मे १९४३मध्ये विमानदलाने बेपत्तांच्या नोंदीसाठी खास नमुना वापरण्याची शिफारस केली. तो तयार केला स्टॅटिस्टिकल कंट्रोल या शाखेने. टेक्स थॉर्नटन या तरुण अधिकाऱ्याने उभारलेली ही हिशेबनीसांची फौज. हार्वर्डमध्ये प्रशिक्षण घेतलेली पोरं यात होती, पुढे संरक्षणमंत्री झालेले रॉबर्ट मॅकनमाराही त्यातलेच. किती विमानं उडू शकतात, किती इंजिनं शिल्लक आहेत, सुटे भाग कुठे अडले आहेत, हे त्यांचं रोजचं काम. म्हणून माणसांच्या आधी इंजिनं आणि मशीनगन. माल कुठे गेला हे लिहिल्याशिवाय त्यांच्या लेखी नोंद पुरी होतच नव्हती. पहिल्यांदा वाचताना ही उतरंड निष्ठुर वाटते. माझं मत पुढे बदललं, आणि का बदललं ते ओघाने येईलच.

हे रकाने भरायचे कसे, हे म्युन्स्टरच्या दिवशी पाहावं. १० ऑक्टोबर १९४३. इंग्लंडच्या पूर्वेला थॉर्प ॲबट्सच्या तळावरचा शंभरावा बॉम्ब गट; त्याची १३ विमानं लक्ष्याकडे गेली आणि एकच परत आलं. वैमानिक रॉबर्ट रोझेन्थालचं ‘रॉयल फ्लश’. चारातली दोन इंजिनं बंद, दोन्ही बाजूंचे गनर जखमी. एरवी परतलेल्या विमानांतल्या लोकांना कॉफी आणि व्हिस्की देऊन गुप्तवार्ता अधिकारी टेबलाभोवती बसवत आणि खोदून खोदून विचारत: कुणाचा पंख पेटला, विमान गिरक्या घेत गेलं की सरळ, किती पॅराशूट मोजली. अमुक विमानातून चार उघडली, तमक्यातून एकही नाही. दहा उघडली म्हणजे दहा घरांत आशा. पण बारा विमानांबद्दल विचारायचं आणि आपल्या गटातला सांगणारा एकच संच, तोही आपला जीव वाचवण्यात गुंतलेला. अशा दिवसांचे अहवाल बारीकसारीक तपशिलांनी भरलेले असतात आणि तरी त्यांतून कळत काहीच नाही. माझ्या लेखी हे या कागदाचं मोठेपण आहे. जे दिसलं नाही ते लिहायला त्यात सोय नाही. त्यासाठी ‘माहिती उपलब्ध नाही’ असा वेगळा पर्याय छापलेला आहे.

तिकडे अमेरिकेत घरी तार जाई. ॲडजुटंट जनरल उलिओ यांच्या सहीची. मुलगा अमुक तारखेपासून बेपत्ता आहे, अधिक कळताच कळवू, एवढाच मजकूर. काही आठवड्यांनी पत्र येई आणि त्यासोबत विमानातल्या बाकीच्या नऊ जणांच्या आईवडिलांचे, बायकांचे पत्ते. ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला माणसांची जाण होती. एकमेकांना कधी न पाहिलेली ही कुटुंबं पत्रं लिहू लागत: तुम्हाला काही कळलं का? आम्हाला रेडक्रॉसचं कार्ड आलं, तुमच्या मुलाचं नाव त्याने लिहिलंय. बर्लिनच्या रेडिओवरून प्रचाराच्या कार्यक्रमात युद्धकैद्यांची नावं वाचली जात. अमेरिकेत रात्री शॉर्टवेव्ह ऐकत बसलेली अनोळखी माणसं ती टिपून घेत आणि पोस्टकार्डाने घरच्यांना कळवत. १९४२च्या मार्चमधला बेपत्तांचा कायदा पगार चालू ठेवी. बारा महिने काहीच कळलं नाही, तर सरकार मृत्यू गृहीत धरण्याचा निर्णय घेई.

आशा अगदीच खोटी नसे. आठव्या हवाई दलाची २६,०००हून अधिक माणसं मेली, हा आकडा संपूर्ण युद्धातल्या अमेरिकन मरीन कोअरच्या मृतांहून मोठा आहे. आणि २८,०००च्या वर युद्धकैदी झाली. म्हणजे न परतलेल्यांत जिवंत आणि मृत जवळजवळ निम्मेनिम्मे.

मेलेल्यांची आणि धरलेल्यांची नोंद जर्मनही ठेवत होते, हा या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. विमान पडलं की स्थानिक पोलीस, जवळचा विमानतळ, गावचा अधिकारी यांच्याकडून लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, विभागीय कचेरीला अहवाल जाई. शेपटीवरचा क्रमांक, पडल्याची जागा आणि वेळ, धरलेल्यांची नावं, मेलेल्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यांवरचे क्रमांक, कुठल्या गावच्या दफनभूमीत कितव्या कबरीत पुरलं. अमेरिकन बॉम्बरांच्या या फायलींना केयू अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक असे. जिवंत सापडलेले फ्रँकफुर्टजवळ ओबरउर्झेलच्या चौकशी छावणीत नेले जात आणि तिथून बार्थ, सागान, क्रेम्सच्या छावण्यांत. १९४५मध्ये जर्मनी कोसळल्यावर या फायली दोस्तांच्या हाती लागल्या, त्यांची भाषांतरं झाली आणि मूळ अहवालांच्या मागे जोडली गेली. वर इंग्लंडच्या तळावरून लिहिलेलं: शेवटचं ढगात शिरताना दिसलं. खाली जर्मन पोलिसाने लिहिलेलं: गावाच्या उत्तरेला शेतात पडलं, पाच मृत, पाच कैद. दोन शत्रूंनी एकमेकांना न सांगता एकाच कागदाचे दोन अर्धे लिहिले होते.

सगळ्यांचं नशीब या दोन अर्ध्यांत मावलं नाही. बेल्जियमच्या आंद्रे द याँग या तरुणीने उभारलेल्या कॉमेट साखळीने कितीतरी जणांना ब्रुसेल्स, पॅरिस, पिरेनीज डोंगर असं हातोहात स्पेनमध्ये पोचवलं. तिला जानेवारी १९४३मध्ये अटक झाली आणि छळछावण्यांतून ती जिवंत परतली. काही विमानं लंगडत स्वित्झर्लंड-स्वीडनमध्ये उतरली आणि माणसं तटस्थ देशात अडकून पडली. १९४४च्या ऑगस्टमध्ये १६८ दोस्त वैमानिक बुखेनवाल्डच्या छळछावणीत नेण्यात आले, त्यांत ८२ अमेरिकन होते; ऑक्टोबरात त्यांतले बहुतेक युद्धकैद्यांच्या छावणीत हलवले गेले. आणि रुसेल्सहाइम. २६ ऑगस्ट १९४४ला एका बी-२४मधले आठ कैदी रूळ उखडल्यामुळे या गावातून पायी नेले जात होते. आदल्या रात्री ब्रिटिशांनी गावावर बॉम्ब टाकले होते. जमावाने दगड, हातोडे, लाकडं घेऊन त्यांना झोडपलं. सहा मेले, दोघे प्रेतांच्या गाडीतून निसटले. जुलै १९४५मध्ये डार्मश्टाटला खटला चालला आणि पाच जणांना फाशी झाली. बॉम्ब टाकणाऱ्यांबद्दलचा गावकऱ्यांचा संताप समजतो. निःशस्त्र कैद्यांना ठेचून मारणं हा गुन्हाच होता, आणि तसा तो ठरला.

सुटून आलेल्यांकडे युद्धानंतर आणखी एक प्रश्नावली गेली. न परतलेल्या प्रत्येक सोबत्यासाठी वेगळा कागद. त्याने उडी मारली का? नसेल तर का नाही? तुमचं त्याच्याशी शेवटचं बोलणं केव्हा झालं? तो जखमी होता का? शेवटचा कुठे दिसला? कानावर आलेलं काही? आणि अखेरीस, नुसत्या तर्कावर आधारलेलं का होईना, त्याचं काय झालं असावं याचं तुमचं स्पष्टीकरण. बावीस-तेवीस वर्षांची, वर्षभर उपाशी काढून घरी आलेली पोरं हे भरत. इंटरकॉमवर त्याचा आवाज ऐकला. मी त्याला दाराकडे ढकललं, तो मागे फिरला. पोटाखालचा गोल फिरतच नव्हता. अशी उत्तरं त्या फायलींत आहेत, साध्या दोन-तीन ओळींची. तर्क हा तर्क म्हणून वेगळा मागितला होता, म्हणून ही साक्ष आजही उपयोगी पडते.

शेवटची ठाऊक जागा चुकली तर काय होतं, याचा दाखला ‘लेडी बी गुड’ या बी-२४ने दिला. ४ एप्रिल १९४३ला ते लिबियातल्या सोलूकहून नेपल्सवर निघालं. अहवालाचा हा नमुना तोवर आलेला नव्हता. परतताना रात्र, ढग, आणि संचाची पहिलीच मोहीम. तळावरून ते पुढे निघून गेलं आणि वाळवंटाला समुद्र समजून दोनेक तास उडत राहिलं. भूमध्य समुद्रात बुडालं असावं असं ठरवून शोध संपला. १९५८मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश पथकाला ते किनाऱ्यापासून सातशे किलोमीटर आत वाळूत दिसलं; रेडिओ चालू स्थितीत, मशीनगन गोळीबाराला तयार. नऊपैकी आठ जणांचे सांगाडे १९६०पर्यंत मिळाले. एक बाटली पाण्यावर त्यांतले काही आठ दिवस उत्तरेला चालत राहिले होते. नववा अजून मिळालेला नाही.

युद्ध संपल्यावर कबरी नोंदवणारी अमेरिकन पथकं हे जोडअहवाल घेऊन युरोपभर फिरली. बेल्जियममध्ये नव्हिल-आँ-काँद्रो इथे ओळख पटवण्याचं केंद्र होतं. घरच्यांना विचारलं जाई: अवशेष घरी आणायचे की तिथल्याच अमेरिकन दफनभूमीत ठेवायचे? जगभरातून सुमारे १,७१,००० जणांचे अवशेष परत आणले गेले.

आता ते मशीनगनचे क्रमांक. बॉम्बर जमिनीत कोसळलं की ॲल्युमिनियम वितळतं, कागद जळतो, बिल्लाही सापडेलच असं नाही. पण ब्राउनिंग मशीनगनचं पोलाद टिकतं आणि त्यावर कोरलेला आकडा गंज खरवडला की वाचता येतो. शेतात नांगराला लागलेल्या एका मशीनगनवरून अहवाल मिळतो, अहवालावरून विमान, विमानावरून दहा नावं. हिशेबनीसांनी मालाच्या काळजीने मागितलेला आकडाच शेवटी माणसांची ओळख पटवतो. काही तुकड्यांनी घाईत हा रकाना मोकळा सोडला. तिथे शोधणाऱ्याच्या हातातला एक दुवा कमी आहे. त्या उतरंडीबद्दलचं माझं मत बदललं ते यामुळे.

असा शोध आपल्याही देशात झाला आहे. चीन-भारत मार्गावर २५ जानेवारी १९४४ला आठ जणांसह हरवलेलं ‘हॉट ॲज हेल’ हे बी-२४ २००६मध्ये अरुणाचलच्या डोंगरात सापडलं. तिथून काढलेले अवशेष २०१६मध्ये दिल्लीहून अमेरिकेला गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या एका अधिकाऱ्याची ओळख पटली. हे काम पाहणाऱ्या अमेरिकन संस्थेने गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाशी २०२१मध्ये करार केला.

त्या युद्धातले सुमारे ७२,००० अमेरिकन अजून हिशेबाबाहेर आहेत. त्यांच्या भाच्यांकडून, नातवंडांकडून डीएनएचे नमुने आजही घेतले जातात, आणि उत्खननाला निघालेलं पथक पहिल्यांदा हा अहवाल काढून वाचतं. ते सगळे अहवाल मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या अभिलेखागारात आहेत. नाव, तारीख किंवा विमानाचा क्रमांक सांगून ते कुणालाही पाहता येतात. त्यासाठी नातेवाईक असावं लागत नाही आणि अमेरिकन असावं लागत नाही.